चार कॅन दूध, साडेतीन किलोमीटर पांदण आणि चार लाख रुपये: जुनी फोर-बाय-फोर गाडी निवडण्याचे एक प्रकरण

हे प्रकरण यवतमाळ जिल्ह्यातील दारव्हा तालुक्याच्या एका शेतकरी कुटुंबाचे आहे. कुटुंबप्रमुख माझे थोरले मामेभाऊ. मी अनेक वर्षे औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत डिझेल मेकॅनिकचा निदेशक होतो, त्यामुळे २०२४ च्या मार्चमध्ये जुनी गाडी घेण्याचा विषय निघाला तेव्हा दादांनी मला बोलावून घेतले. पुढचे अडीच महिने मी त्यांच्यासोबत गाड्या पाहिल्या, आणि पावसाळाभर त्या निवडीचे काय झाले तेही पाहिले.

दादांचा गोठा वावरात आहे. गोठ्यापासून डांबरी रस्त्यापर्यंत साडेतीन किलोमीटरची पांदण, म्हणजे शेतांमधून जाणारी कच्ची वाट, आहे आणि तिथून दूध संकलन केंद्र आणखी साडेपाच किलोमीटरवर आहे. दादांचे आणि शेजारच्या दोन कास्तकारांचे मिळून सकाळ-संध्याकाळ चार कॅन दूध निघते. चाळीस लिटरचा भरलेला कॅन भांड्यासह पन्नास किलोच्या जवळ जातो, म्हणजे प्रत्येक खेपेला सुमारे दोनशे किलो वजन. कोरड्या आठ महिन्यांत हे काम दोन मोटारसायकली बिनबोभाट करतात. अडचण फक्त पावसाळ्याची होती. २०२३ च्या पावसाळ्यात सतरा दिवस दूध केंद्रावर पोचलेच नाही. त्यातल्या काहींचे वहिनींनी तूप केले, बाकीचे गेले.

ट्रॅक्टर घरी आहेच, मग गाडी कशाला, असा प्रश्न मी पहिल्याच दिवशी विचारला. ट्रॅक्टर चिखलातून निघतो, पण पावसाळ्यात तो डवरणी-फवारणीच्या कामात अडकलेला असतो आणि दिवसातून दोनदा अठरा किलोमीटरची फेरी मारायला त्याला फार वेळ लागतो. शिवाय पांदणीतल्या खोल चाकोऱ्या ट्रॅक्टरच्याच चाकांनी पडल्या होत्या, आणि त्याच चाकोऱ्यांमुळे इतर कोणतेही वाहन चालेनासे झाले होते.

एकूण रक्कम चार लाख रुपये होती, तूर विकून आलेली. कर्ज काढायचे नाही हे दादांनी आधीच ठरवले होते. मी त्यात आणखी एक अट घातली: गाडीच्या खरेदीवर पावणेतीन लाखांच्या वर जायचे नाही. उरलेली रक्कम गाडीला कामाजोगी करण्यासाठी लागते, आणि ती आधीच बाजूला काढली नाही तर दलालासमोर बसल्यावर ती आपोआप किमतीत विरघळून जाते.

आधी पांदण मोजली

गाडी पाहायला निघण्यापूर्वी आम्ही एक पूर्ण दिवस पांदणीवर घालवला. या प्रकरणातला सर्वांत उपयोगी दिवस तोच ठरला असे मला आजही वाटते. आपल्याकडची कापसाची काळी जमीन माँटमोरिलोनाइट जातीच्या चिकणमातीची असते. ती पाणी पिऊन फुगते आणि वाळताना आकसून दगडासारखी घट्ट होते. म्हणून मार्चमध्ये वाळलेली चाकोरी म्हणजे मागच्या पावसाळ्याची जशीच्या तशी राहिलेली नोंद असते. आम्ही चाकोरीवर आडवी काठी ठेवून मधल्या उंचवट्याची उंची पट्टीने मोजत गेलो. बहुतेक ठिकाणी ती १४ ते १६ सेंटिमीटर होती. नाल्याच्या अलीकडे सुमारे सत्तर मीटरच्या पट्ट्यात मात्र दोन ठिकाणी २३ सेंटिमीटर भरली. साध्या मोटारगाडीचे पोट १६–१७ सेंटिमीटरवर असते, उंच गाड्यांचे २० ते २१ वर. याचा अर्थ स्पष्ट होता. त्या सत्तर मीटरमध्ये आमच्या आवाक्यातली कोणतीही गाडी पोटावर टेकणार होती, आणि पोटावर टेकलेल्या गाडीची चारही चाके फिरली तरी ती जागची हलत नाही.

चिखलाचे दोन प्रकार वेगळे ओळखावे लागतात. पहिल्या एक-दोन सरींत वरच्या थराचा गारा, म्हणजे पातळ चिखल, होतो, पण खालची जमीन टणक असते. तिथे अरुंद टायर गारा कापून खाली टेकतो आणि पकड घेतो. आठवडाभर झड लागली की जमीन आतपर्यंत भिजते, टायरची नक्षी मातीने भरून चाक गुळगुळीत गोळा होते, आणि मग गाडीचे वजन हाच निर्णायक मुद्दा ठरतो. दोन टनांची ताकदवान गाडी तिथे स्वतःच्याच भाराने खाली जाते. हे गणित समजल्यावर मोठ्या इंजिनाचे आकर्षण माझ्या मनातून जवळजवळ संपले.

फोर-बाय-फोर (इंजिनाचा जोर पुढच्या आणि मागच्या दोन्ही ॲक्सलना देता येणारी गाडी) या शब्दाबद्दलही घरात गैरसमज होता. साध्या डिफरन्शियलच्या (ॲक्सलवरच्या दोन चाकांना जोर वाटून देणाऱ्या दातेरी यंत्राच्या) गाडीत चारही चाकांना जोर मिळतो असे मानणे चुकीचे आहे, कारण एका बाजूचे चाक घसरू लागले की त्या ॲक्सलचा जोर घसरणाऱ्या चाकाच्या पकडीपुरताच उरतो. त्यामुळे वाईट जागी प्रत्यक्षात पुढचे एक आणि मागचे एक चाक नुसते फिरत राहते. तरीही नाल्याच्या काठावरचा चढ दोनशे किलो दूध घेऊन, कॅन न हिंदकळता, रांगत चढायचा तर लो गिअर, म्हणजे वेग कमी करून जोर वाढवणारा जादा गिअर, हवा होता. मागच्या चाकांवर चालणारी साधी जीप चांगल्या टायरांवर बहुतेक पांदण पार करू शकली असती, हे मी दादांना प्रामाणिकपणे सांगितले; त्या एका चढासाठी आणि झडीच्या दिवसांसाठी फोर-बाय-फोरचा खर्च योग्य आहे असे आम्ही ठरवले.

कोणत्या गाड्या विचारात आल्या

पुतण्याला स्कॉर्पिओ हवी होती. "काका, पाव्हन्याइच्या घरी जा लागते, गाडी दिसाले त बरी पायजे," हे त्याचे म्हणणे अगदीच टाकाऊ नव्हते, कारण घरात दुसरी चारचाकी नाही. स्कॉर्पिओ आणि सफारी यांच्या फोर-बाय-फोर आवृत्त्यांत डॅशबोर्डवरच्या स्विचने चारही चाकांचा जोर लावता येतो आणि लो गिअरही असतो, पण तो स्विच एका विद्युत मोटरमार्फत काम करतो. वर्षानुवर्षे न वापरलेली अशी यंत्रणा चालू स्थितीत आहे की नाही, हे प्रत्यक्ष लावून पाहिल्याशिवाय समजत नाही. त्याहून मोठी अडचण वजनाची होती. थारला मागणी इतकी आहे की आमच्या रकमेत फार झिजलेलीच मिळाली असती. डस्टरची २०१४ मध्ये आलेली ऑल-व्हील-ड्राइव्ह आवृत्ती रस्त्यावर आरामदायी आहे, तिचा पहिला गिअर मुद्दाम आखूड ठेवलेला आहे, पण स्वतंत्र लो गिअर नाही आणि मागच्या चाकांना जोर देणारे जोडयंत्र इलेक्ट्रॉनिक नियंत्रणावर चालते. त्यात काही बिघडले तर आमच्या तालुक्यातला मिस्त्री हात लावणार नाही.

उरल्या जुन्या डिझेल जीपा, बोलेरोच्या फोर-बाय-फोर आवृत्त्या आणि मारुतीची जिप्सी. जिप्सी भारतात १९८५ मध्ये आली. पुढे १३०० सीसीचे इंजिन मिळालेली जिप्सी किंग १९९६ पासून होती आणि नंतर तिला मल्टिपॉइंट फ्युएल इंजेक्शनचे सुमारे ८० अश्वशक्तीचे इंजिन बसले. गाडीचे वजन जेमतेम एक टन, पुढे-मागे अखंड ॲक्सल, चारही बाजूंना पाट्यांच्या स्प्रिंगा, हाताने ओढायचा फोर-बाय-फोरचा लिव्हर आणि कारखान्यातून मिळणारा २०५/७० आर १५ मापाचा बेताच्या रुंदीचा टायर. सैन्याने ती दीर्घकाळ वापरल्यामुळे सुटे भाग अजून मिळतात.

तिच्या विरोधात एकच मोठा आक्षेप होता, पेट्रोलचा. म्हणून आम्ही कागदावर हिशेब मांडला. गाडी वर्षभर रोज ३६ किलोमीटर चालवली असती, तर लिटरला नऊ किलोमीटर देणारे पेट्रोल १०५ रुपयांनी आणि साडेअकरा किलोमीटर देणारे डिझेल ९२ रुपयांनी धरून वर्षाला सुमारे ४८ हजारांचा फरक पडला असता आणि मी जिप्सीचे नाव काढले नसते. पण गाडी लागणार होती फक्त पावसाळ्याचे ११० दिवस, म्हणजे चार हजार किलोमीटर. त्यात फरक साधारण साडेचौदा हजारांचा होता. जुन्या डिझेल इंजिनाचा पंप आणि नोझल एकदा दुरुस्तीला निघाले की अशा दोन-तीन वर्षांचा फरक एकाच बिलात जातो. जुन्या गाडीत पेट्रोल की डिझेल हा प्रश्न वर्षाचे किलोमीटर मोजल्याशिवाय विचारूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

नऊ गाड्या पाहिल्या, त्यांपैकी तीन

यवतमाळ, अकोला, अमरावती आणि नागपूर येथे मिळून आम्ही नऊ गाड्या पाहिल्या. बहुतेक दहा मिनिटांत बाद झाल्या. तीन सांगण्यासारख्या आहेत.

पहिली दिल्लीहून आलेली मोठी डिझेल गाडी होती. दिल्ली परिसरात तेव्हा १० वर्षांवरील डिझेल आणि १५ वर्षांवरील पेट्रोल गाड्यांवर बंदी असल्यामुळे तिकडच्या गाड्या बाहेरच्या राज्यांत स्वस्तात येत, आणि त्यातल्या काही खरोखर चांगल्या असत. पण त्या गाडीची किंमत स्वस्त वाटण्याचे कारण असे होते की महाराष्ट्रातील नोंदणी आणि इथला एकरकमी रस्ता कर घेणाऱ्यावर होता, आणि मूळ परिवहन कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र विक्रेता "येईलच" म्हणत होता. ते हातात नसताना इसार द्यायचा नाही, असे मी दादांना बजावले.

दुसरी जिप्सीच होती, पाहताक्षणी पुतण्याला आवडलेली: उंच केलेली, रुंद टायर लावलेली, आणि मूळ पेट्रोल इंजिनाच्या जागी डिझेल इंजिन बसवलेली. नोंदणी पुस्तिकेत मात्र इंधन पेट्रोलच होते आणि इंजिन क्रमांक जुळत नव्हता. कारखान्याच्या मूळ रचनेत असा बदल परवानगीशिवाय करता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ च्या निकालात मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ च्या संदर्भात स्पष्ट केले आहे. अशी गाडी अपघातात सापडली तर विमा कंपनीशी वाद अटळ असतो, आणि योग्यता तपासणीत ती अडकते. दादांना ती परत पाहायचीही नव्हती. पुतण्या दोन दिवस नाराज होता.

तिसरी अमरावती जिल्ह्यातल्या एका संत्रा बागायतदाराकडे मिळाली. २००८ ची जिप्सी, मूळ इंजिन, मूळ उंची, रंग उडालेला, कापडी छत फाटलेले. पंधरा वर्षांची नोंदणी २०२३ मध्ये संपली होती आणि त्यांनी योग्यता तपासणी, पर्यावरण कर आणि नूतनीकरणाचे शुल्क भरून ती पुढच्या पाच वर्षांसाठी वाढवून घेतलेली होती. मोटारगाडीच्या नूतनीकरणाचे शुल्क एप्रिल २०२२ पासून ६०० वरून ५,००० रुपये झाले होते, त्यामुळे हे काम आधीच झालेले असणे हा किमतीतला खरा फायदा होता.

तपासणीला आम्ही सकाळी सात वाजता पोचलो आणि इंजिन आधी सुरू करू नका असे फोनवर सांगून ठेवले होते, कारण गरम इंजिन आपले दोष लपवते. थंड इंजिन दुसऱ्या सेल्फला सुरू झाले. ऑइलचे झाकण काढल्यावर वाफेसारखा धूर बाहेर फेकला जात नव्हता. त्यानंतर मी गाडीखाली गेलो आणि तासभर तिथेच होतो. चेसिसवर छोट्या हातोडीने सगळीकडे ठोकत गेलो. ठणठणीत आवाज सर्वत्र आला, फक्त मागच्या पाट्याच्या एका टांगणीपाशी बोदा आला, तिथे चिखल साचून वरवरचा गंज होता, पण पत्रा शाबूत होता. जोडकामाची खूण कुठेही नव्हती.

फोर-बाय-फोरची तपासणी जागेवरच करता येते आणि ती प्रत्येक घेणाऱ्याने करावी. इंजिन बंद करून, हँडब्रेक ओढून, मागच्या चाकांना दगड लावून पुढचे एक चाक जॅकने उचलावे. लिव्हर टू-एचमध्ये (जोर फक्त मागच्या चाकांना) असताना ते चाक हाताने मोकळे फिरले पाहिजे, आणि फोर-एचमध्ये (जोर पुढे-मागे दोन्हीकडे) थोडी ढिलाई सोडली तर अडले पाहिजे. ज्या जुन्या जीपांच्या पुढच्या चाकांना हब लॉक (चाक ॲक्सलशी जोडणारी किंवा सोडवणारी कळ) असतात, तिथे आधी हब लावून घ्यावे लागतात. फोर-एचमध्येही चाक फिरत राहिले, तर जोर पुढे जातच नाही. आम्ही पाहिलेल्या नऊपैकी दोन गाड्या, ज्यांना विक्रेते छातीठोकपणे फोर-बाय-फोर म्हणत होते, याच परीक्षेत नापास झाल्या होत्या. ही जिप्सी पास झाली. नंतर मऊ जमिनीवर फोर-लो (चारही चाकांसह लो गिअर) लावून चढावर चालवली आणि एकदम ॲक्सिलरेटर सोडून पाहिले. लिव्हर उडून बाहेर आला नाही. डांबरी कोरड्या रस्त्यावर ही चाचणी करू नये, कारण अशा गाडीत पुढचे आणि मागचे शाफ्ट एकमेकांना घट्ट जोडले जातात, वळणावर चाकांच्या फेऱ्यांतला फरक जिरायला जागा राहत नाही आणि सगळा ताण क्रॉस (शाफ्टचा सांधा) व गिअरच्या दातांवर येतो.

दोषही सापडले आणि ते मी मालकांच्या समोरच वहीत लिहिले. साठच्या पुढे स्टीअरिंग थरथरत होते, म्हणजे पुढच्या किंगपिनच्या (ज्या खिळीवर पुढचे चाक वळते तिच्या) बेअरिंगा झिजल्या होत्या. जिप्सीची ट्रान्सफर केस (जोर पुढच्या-मागच्या ॲक्सलना वाटणारी पेटी) गिअरबॉक्सपासून वेगळी असते आणि दोघांमध्ये एक आखूड शाफ्ट असतो. त्या शाफ्टचा क्रॉस खडखडत होता. क्लच वरती पकडत होता, म्हणजे तोही झिजला होता. टायरांच्या बाजूवर ३२१५ असा आकडा होता, म्हणजे ते २०१५ च्या बत्तिसाव्या आठवड्यातले होते, नक्षी असली तरी रबर तडकलेले. मालकांनी तीन लाख दहा हजार सांगितले होते. यादीतल्या प्रत्येक कामाचा अंदाज त्यांना वाचून दाखवला, आणि सौदा दोन लाख पासष्ट हजारांत झाला. त्यांनी कोणताही दोष नाकारला नाही, ही गोष्ट मला त्या गाडीच्या देखभालीबद्दलही बरेच सांगून गेली.

त्या संध्याकाळी पुतण्याने पुन्हा स्कॉर्पिओचा विषय काढला, तेव्हा वहिनींनी एवढेच म्हटले, "दूध आधी, पाव्हने मंग."

उरलेले पैसे कुठे गेले

मालकी हस्तांतराचे नमुना २९ आणि ३० चे अर्ज, त्याआधी ऑनलाइन नोंदीत कर्जाचा बोजा आणि थकीत चलन नाही याची खात्री, आणि विमा नव्या नावावर करणे या सगळ्याला १४ हजार लागले. चार नवे टायर ३० हजार. किंगपिन बेअरिंगा, ऑइल सील, क्रॉस आणि गिअरबॉक्सपासून दोन्ही डिफरन्शियलपर्यंतचे सर्व ऑइल २१ हजार ५००. क्लच साडेआठ हजार, पाट्यांचे बुश आणि शॅकल सहा हजार. हवा भरण्याचा पंप, दोर, आणि चिखलात जॅक टेकवायला जाड फळी साडेपाच हजार.

आणि २८ हजारांचा मुरूम. तहसील कार्यालयाची रीतसर परवानगी घेऊन नाल्याजवळच्या त्या सत्तर मीटरच्या पट्ट्यातले उंचवटे दादांनी स्वतःच्या ट्रॅक्टरने खरवडले आणि चाकोऱ्या मुरमाने भरल्या. शेजारच्या दोघांनी मजुरी उचलली. यावर घरात बराच वाद झाला, कारण गाडीच्या पैशातून रस्ता करायचा हे पुतण्याला पटत नव्हते. पण दोन सेंटिमीटर जास्त उंचीची गाडी घ्यायला लाखभर रुपये जास्त लागले असते आणि तीही त्या जागी टेकलीच असती. एकूण खर्च तीन लाख साडेअठ्ठ्याहत्तर हजार झाला. साडेएकवीस हजार शिल्लक राहिले.

पावसाळ्यात काय झाले

जून ते सप्टेंबर २०२४ मध्ये दूध केंद्रावर न पोचण्याचे दिवस तीन होते, आणि तिन्ही दिवशी कारण एकच: नाल्याच्या रपट्यावरून (ठेंगण्या पुलावरून) पाणी वाहत होते. इथे जिप्सीचा हलकेपणा उलटा पडतो. वाहत्या पाण्यात हलकी गाडी लवकर उचलली जाते, त्यामुळे रपट्याच्या कडेला आम्ही दोन पांढरे दगड बसवले आहेत आणि खालचा दगड बुडाला की गाडी पलीकडे न्यायची नाही, हा दादांचा नियम आहे. फोर-बाय-फोर हातात आली की माणूस पाण्याला कमी लेखू लागतो, याची मला सर्वांत जास्त भीती वाटत होती आणि अजूनही वाटते.

गाडी एकदाच फसली, जुलैतल्या झडीच्या सहाव्या दिवशी, मुरमाच्या पट्ट्याच्या पलीकडे. टायरांतली हवा २८ वरून १८ पाउंडावर आणल्यावर टायर पसरला, चाकाच्या कमानीत घट्ट बसलेली माती खुरप्याने काढली आणि गाडी स्वतःच्या जोरावर मागे निघाली. डांबरी रस्त्याला लागण्यापूर्वी पंपाने हवा पुन्हा भरली. मुरुमाचा एक थर ऑगस्टपर्यंत बराचसा खाली बसला होता. त्यावर दरवर्षी दोन-तीन टिप्पर टाकावे लागतील.

या निवडीतली उणीव सुरक्षिततेची आहे आणि ती लहान नाही. गाडीला एअरबॅग नाहीत, मागची आसने समोरासमोर बाजूला आहेत, आणि वेगात ती स्थिर वाटत नाही. नागपूरला जायचे तर कुटुंब एसटीनेच जाते. पुतण्याच्या पाहुण्यांचा प्रश्न त्यामुळे सुटलेला नाही, आणि तो चार लाखांत याच गाडीने सुटणारही नव्हता.

नोव्हेंबरमध्ये मी गावी गेलो तेव्हा दोन्ही डिफरन्शियलचे ऑइल काढून पाहिले. मागचे स्वच्छ होते, पुढचे दुधाळ निघाले, म्हणजे आत पाणी गेले होते. चालून तापलेले ॲक्सल थंड पाण्यात बुडाले की आतली हवा आकसते आणि सीलमधून किंवा ॲक्सलच्या श्वासनळीतून (हवा आत-बाहेर जाण्याच्या नळीतून) पाणी ओढून घेते. पुढचे सील बदलले, नवे ऑइल भरले, आणि श्वासनळीला रबरी नळी जोडून ती इंजिनाच्या खोलीत बॅटरीच्या उंचीवर बांधली. येत्या जूनपूर्वी मागच्या ॲक्सललाही तशीच नळी लावायची आहे.